व्यापारी कुटुंबाचे घर : नकाशा आखण्यापूर्वी विचारात घ्यावयाच्या गोष्टी

कापसाची एक गाडी दारात आली की आपला व्यापारी बांधव ती किती चिकित्सेने पाहतो! मूठभर कापूस ओढून तो धाग्याची लांबी पाहतो, ओलावा अजमावतो, कवडी किती व कचरा किती याचा अंदाज घेतो आणि मगच भाव बोलतो. तोच बांधव आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधावयास निघाला म्हणजे मात्र गवंड्यास एवढेच सांगतो की, ‘शेजारच्यासारखे बांधा, पण एक खोली जास्त काढा.’ खराब माल वर्षाच्या आत विकून तोटा भरून काढता येतो. चुकीच्या नकाशाचा तोटा दोन-तीन पिढ्या सोसतात, आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा घरातील स्त्रिया, वृद्ध व लहान मुले यांच्या पदरी पडतो. यास्तव घराच्या आराखड्यात कोणत्या सोयी असाव्यात व त्या का असाव्यात, याचा विचार आपल्या सभासद कुटुंबांपुढे थोड्या विस्ताराने मांडणे उचित वाटते.

स्थळ आणि हवामान

घर हे प्रथम त्या त्या भूमीचे असते. आपले जैनथ पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवर वसलेले. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होता, पुढे तो आंध्र प्रदेशात आला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, परंतु ऊन, पाऊस व काळी माती बदललेली नाही. लक्ष्मीनारायणस्वामींचे मंदिर आणि परमार जगद्देवाच्या काळातील शिलालेख यांमुळे हे गाव इतिहासात प्रसिद्ध आहे. भर वैशाखात त्या मंदिराच्या मंडपात पाऊल टाकताच जो गारवा जाणवतो, तो जाड दगडी भिंतींचा व मोजक्या उघड्या जागांचा प्रसाद होय. घर बांधणाऱ्यास त्यात एक धडाच आहे.

आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेवीस अंशांच्या जवळपास आहे. त्यामुळे मे महिन्याच्या १८-१९ तारखांच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २४-२५ तारखांच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस सुमारे ४७ अंशांवरच राहतो. यातून नकाशासाठी एक सोपा नियम निघतो. दक्षिणेच्या ४ फूट उंचीच्या खिडकीच्या लगत वर २ फुटांचा सज्जा काढला, तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचे ऊन त्या खिडकीतून आत येत नाही. डिसेंबरात मात्र सज्जाची सावली दोन फुटांच्या थोडी खालीच संपते व खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून कोवळे ऊन खोलीत पसरते. आदिलाबादची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या उन्हाचे मोल सांगावयास नको.

पश्चिमेच्या उन्हास असा सज्जा पुरत नाही, कारण ते तिरपे येते. म्हणून मोकळ्या जागेवर बांधणाऱ्याने पश्चिमेकडे जिना, न्हाणी, कोठीघर अशा खोल्या ठेवाव्यात, म्हणजे त्या निजण्याच्या खोल्यांना ढालीप्रमाणे उपयोगी पडतात. वरच्या गच्चीवर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात द्यावा. काळवंडलेले छत ऊन पिते, पांढरे छत ते परतवते. तेलंगण शासनाने २०२३ साली शीतल छतांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले, ते याच तत्त्वावर.

काळी माती व घराचा पाया

आपली जमीन कापसास माउली, पण भिंतींस सावत्र आई. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने जोते उचलले जाते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात. उपाय पायात आहे, तसाच तो नकाशातही आहे. पाया फुगणाऱ्या थराच्या खाली, मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर बुडाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया घालावा. या पद्धतीचा विकास रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने केला आहे. नकाशाच्या बाजूने पाहता, घराचा आकार साधा चौकोनी ठेवावा. जितके कोपरे व पुढे आलेले भाग अधिक, तितक्या चिरा अधिक. न्हाणी व मोरी घराच्या चार कोपऱ्यांवर विखुरलेल्या नसाव्यात, कारण गळके पाणी जेथे मुरते, तेथील माती फुगते. सर्व ओल्या जागा एका ओळीत, परसाच्या बाजूस घ्याव्यात. घराभोवती जोत्याला लागून ३ फुटांची फरशीची पट्टी बाहेरच्या उताराने करावी आणि मोठे झाड भिंतीपासून दूर लावावे.

देवघर, स्वयंपाकघर, पाणियारा

जैन कुटुंबाचा धर्म फक्त मंदिरात वा उपाश्रयात नसतो. तो चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी व कोठीत रोज पाळला जातो. जुन्या पिढीत चूल, पाणियारा, जाते, उखळ, जेवणाची जागा, निजण्याची जागा, देवघर अशा दहा ठिकाणी चंदरवा बांधण्याची प्रथा होती. वरून एखादा जीव पडून त्याची हिंसा होऊ नये, हा तिचा हेतू. घराची रचनाच अहिंसेला साहाय्यक असावी, ही दृष्टी आपल्या पूर्वजांना होती. नकाशा करणाऱ्यास मात्र ती सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून ती आपणच सांगितली पाहिजे.

स्वयंपाकघरात उजेड हवा, हे सर्वच म्हणतात. आपल्या घरी त्याचे कारण अधिक खोल आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान मावळतो, तर जुलैच्या आरंभी सातच्या सुमारास. ज्या घरी चोविहार पाळला जातो, तेथे हिवाळ्यातील सायंकाळचा स्वयंपाक चार वाजताच सुरू होतो व जेवण पाचला उरकावे लागते. स्वयंपाकघर जर अंधाऱ्या मधल्या खोलीत असेल, तर चारलाच दिवा लावावा लागतो आणि धान्यातील किडा डोळ्यांना दिसत नाही. सकाळचा उजेड पूर्वेकडून व सायंकाळचा पश्चिमेकडून यावा, यासाठी स्वयंपाकघर घराच्या अशा भागात घ्यावे की, त्यास निदान दोन बाजूंनी उजेड मिळेल. आग्नेयेस चूल असावी हा जुना संकेत आपल्या हवेस बरा जुळतो. पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो, म्हणून धूर व वाफ घरात न पसरता बाहेर जातात.

पाणियारा ही केवळ हंड्यांची घडवंची नव्हे. पाणी गाळणे, गाळणे धुणे व गाळलेल्या जीवांसह उरलेले पाणी त्याच स्रोतात परत सोडणे, हा आपला आचार आहे. यासाठी पाणियारा स्वयंपाकघरालगत पण मोरीपासून वेगळा, उंच कट्ट्यावर, स्वच्छ उजेडात असावा. त्याच्या पाठीमागील भिंतीस शौचकूपाची भिंत लागलेली नसावी. गटाराचा शोषखड्डा विहीर वा कूपनलिकेपासून निदान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. गावातील लहान प्लॉटांवर हे अंतर सांभाळणे कठीण जाते, म्हणून कूपनलिका पुढे व शोषखड्डा मागे, ही जागा नकाशातच प्रथम ठरवावी. कूपनलिका एकदा खोदल्यावर ती हलविता येत नाही.

पावसाच्या पाण्याचा विचारही येथेच करावा. अहमदाबादच्या पोळांमध्ये जुन्या घरांच्या चौकाखाली टांके बांधलेले आढळतात. छपरावरचे पाणी त्यांत साठवून ते वर्षभर पिण्यासाठी वापरीत. आपल्याकडे १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १ इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी मिळते. ८ फूट लांब, ८ फूट रुंद व ८ फूट खोल टाकी सुमारे १४,५०० लिटर पाणी धरते. काळ्या मातीत टाकी गळली तर पाया बिघडतो, म्हणून ती घराच्या भिंतींपासून दूर, परसात व पक्क्या काँक्रीटची असावी.

साधू-साध्वी गोचरीसाठी येतात, तेव्हाही घराची परीक्षा होते. दशवैकालिकसूत्राच्या पिंडैषणा अध्ययनात ठेंगण्या दाराच्या, अंधाऱ्या खोलीतून भिक्षा घेणे वर्ज्य मानले आहे, कारण तेथे जीव दृष्टीस पडत नाहीत. हिरवळ व ओले सचित्त पाणी तुडवून ते येऊ शकत नाहीत. यास्तव रस्त्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एक कोरडी, फरसबंद वाट असावी. तिच्या कडेस बागेचे पाणी वाहू नये, व कपडे धुण्याची जागा तिला आडवी येऊ नये. एवढी लहानशी गोष्ट नकाशात साधली, तर पात्रदानाचा लाभ सहज घडतो. ती चुकली, तर दारी आलेले गुरुमहाराज रिक्त पात्राने परततात.

ओलावा हा आपला दुसरा शत्रू. बुरशी व शेवाळे यांत अनंत जीव मानले आहेत, म्हणून न्हाणी, मोरी व गच्ची लवकर कोरडी होणे हा आरोग्याइतकाच धर्माचाही प्रश्न आहे. फरशीस दर ४ फुटांस १ इंच उतार द्यावा, न्हाणीस बाहेरच्या भिंतीत खिडकी असावी. कोठीघर जमिनीपासून उंच, कोरडे व हवेशीर असावे. चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या घरी डाळी, वड्या, पापड, खाकरे यांचा साठा मोठा असतो, म्हणून वाळवणाची गच्ची व कोठी यांच्यामधला जिना सोपा असला पाहिजे.

बाजारातील अरुंद प्लॉट

आपल्यापैकी अनेकांची पेढी पुढे व घर मागे असते. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणून उजेड फक्त पुढून व मागून. पुढचा उजेड पेढी घेते आणि मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा जळतो. यावर आपल्या चौसोपी वाड्यांचे उत्तर जुने पण खरे आहे : मध्ये चौक सोडावा. समजा, प्लॉट २५ फूट रुंद व ७० फूट लांब आहे. पुढे ६ फुटांचा ओटा, मग १६ फुटांची पेढी, १२ फुटांची बैठक, १४ फुटांचा चौकाचा पट्टा, १३ फुटांचा स्वयंपाकघराचा पट्टा व मागे ९ फुटांचा परस, असे ७० फूट भरतात. पेढी व बैठक यांच्या कडेने ४ फुटांचा बोळ रस्त्यापासून चौकापर्यंत न्यावा. त्यामुळे घरातील स्त्रियांना, पाहुण्यांना व गोचरीस येणाऱ्यांना गिऱ्हाइकांच्या मधून जावे लागत नाही.

चौकाच्या पट्ट्यात बोळाच्या बाजूस ७ फुटांत जिना, समोरच्या बाजूस ५ फूट रुंदीची देवघर व सामायिकाची खोली, आणि मध्ये १० फूट उरतात. त्यांतील ३ फूट पडवी छपराखाली घेतली, की ७ फूट रुंद व १४ फूट लांब असा आकाशास उघडा चौक मिळतो. ही जागा साऱ्या प्लॉटाच्या शेकडा सहाहून कमी आहे. एवढ्याशा त्यागाने बैठक, देवघर, जिना व स्वयंपाकघर या चारही जागा उजळतात. तापलेली हवा चौकातून वर जाते व परसाकडील खिडक्यांतून ताजी हवा आत ओढली जाते. चौकावर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे वानरांचे व चोरांचे भय राहत नाही. ‘चौकाची जागा वाया जाते, त्यावर स्लॅब टाकू’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो मानल्यास एक खोली वाढते व चार खोल्या आंधळ्या होतात.

सामायिक ४८ मिनिटांची असते. तेवढा वेळ एका आसनावर शांतपणे बसता यावे, यासाठी ही खोली दूरदर्शन संच व पेढीच्या दूरध्वनीपासून दूर, पण चौकाच्या उजेडात असावी. ज्या घरी अशी जागा नसते, तेथे वडीलधारी माणसे पलंगाच्या कडेला आसन टाकून कशीबशी बसतात आणि नव्या पिढीस तर आसन टाकावयासच सुचत नाही. जागा नसली की आचार हळूहळू सुटतो. हे कोणी ठरवून करीत नाही, म्हणूनच ते अधिक चिंतेचे आहे.

स्वयंपाकघराच्या पट्ट्यात १२ फूट रुंदीचे स्वयंपाक व भोजनगृह आणि शेजारी १० फूट रुंदीची वृद्धांची खोली घ्यावी. ती तळमजल्यावर, परसास लागून असल्याने न्हाणी व शौचकूप दोन पावलांवर येतात. तिचे दार ३ फूट रुंद ठेवावे व उंबरठा काढू नये, म्हणजे चाकांची खुर्ची सहज जाते. आज आपण या खोलीत आई-वडिलांना ठेवतो. उद्या तेथे आपणच असणार आहोत.

काही मापे

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) राहण्याची मुख्य खोली ९.५ चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे १०२ चौरस फुटांहून लहान नसावी. तिची रुंदी २.४ मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट, आणि उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट, याहून कमी नसावी. उष्ण व कोरड्या हवेत खिडक्या व झरोके यांचे क्षेत्र फरशीच्या क्षेत्राच्या निदान एकदशांश असावे. आपल्या उन्हाळ्यात छताची उंची साडेदहा फूट घेणे अधिक सुखाचे. त्या उंचीस ७ इंचांच्या १८ पायऱ्या लागतात. दोन वळणांचा, ९-९ पायऱ्यांचा, १० इंच पाऊल ठेवण्याची जागा असलेला जिना १० फूट लांबीत व ७ फूट रुंदीत बरोबर बसतो.

पुण्याचे अभियंते रघुनाथ श्रीपाद देशपांडे यांनी ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ (१९३९) या ग्रंथात भारतीय कुटुंबाच्या चालीरीती ध्यानी घेऊन घरे कशी आखावीत, याचे विवेचन केले. त्या काळापासून सिमेंट स्वस्त व सुलभ झाले, वीज आली, गॅसची शेगडी आली. तथापि मूळ तत्त्व बदलले नाही : घरातील कामाची वाट आखावी व मग भिंती उभ्या कराव्यात.

नकाशा कोणास दाखवावा ?

येथे एक स्पष्ट गोष्ट सांगणे अवश्य आहे. बहुतेक नकाशे पेढीवर, गादीवर बसून पुरुष मंडळी ठरवितात. ज्या स्त्रीच्या आयुष्याचा अर्धा भाग स्वयंपाकघरात जाणार, तिला तो वास्तुशांतीच्या दिवशी दिसतो. हिशेब आपल्या सवयीचा आहे, म्हणून हिशेबानेच सांगतो. पाणियारा चुलीपासून २० फुटांवर असेल आणि दिवसातून ६० वेळा जाणे-येणे घडत असेल, तर रोज २,४०० फूट, म्हणजे वर्षाकाठी सुमारे २६७ किलोमीटर चालणे होते. आदिलाबाद ते नागपूर हे अंतरही त्याहून कमी आहे. तोच पाणियारा ८ फुटांवर आणला तर हे चालणे १०७ किलोमीटरांवर येते. नकाशावर ही दुरुस्ती पेन्सिलीच्या एका रेघेने होते. भिंत उभी राहिल्यावर तीच दुरुस्ती कोणी करीत नाही, व घरची स्त्री तीस वर्षे मुकाट्याने चालत राहते. म्हणून कागदावर समाधान न मानता जमिनीवर चुन्याच्या रेघांनी खोल्या आखाव्यात, घरातील सर्व स्त्रियांना त्यांत उभे करून चूल, कोठी, पाणी, परस असे चालून दाखविण्यास सांगावे, आणि मगच पाया खोदावा.

आग व वाटणी

व्यापाऱ्याच्या घरास दोन भये असतात. पहिले आगीचे. कापूस, सरकी व बारदान राहत्या घराखाली वा लगतच्या खोलीत साठवू नये. वखार वेगळी असावी. पेढीस आग लागली तर पुढचा मार्ग बंद होतो, म्हणून परसातून मागच्या गल्लीत निघणारे दार असावे, व ते आतून किल्लीविना उघडणारे असावे. मागे गल्ली नसेल, तर जिना गच्चीपर्यंत न्यावा व शेजाऱ्याच्या गच्चीवर उतरण्याची सोय परस्पर संमतीने ठेवावी.

दुसरे भय वाटणीचे. एकत्र कुटुंब हे आपले भूषण आहे, पण भाऊ वेगळे होणे हेही संसारात घडते. जेथे वरच्या मजल्याचा जिना खालच्या बैठकीतून जातो, तेथे वेगळे राहणारे दोन भाऊ रोज एकमेकांच्या दारातून जातात आणि पायऱ्यांवरून कोर्टापर्यंत पोहोचतात. वर सांगितल्याप्रमाणे जिना बोळाच्या तोंडाशी असला, वरच्या मजल्यावर मोरी व पाण्याचे नळ खालच्या ओळीतच घेऊन ठेवले, तर एका घरात दोन चुली सुखाने नांदतात व चौक दोघांचा राहतो. पैशाची काटकसर करावयाची असल्यास ती दर्शनी नक्षीत, संगमरवरात व रंगीत काचांत करावी. पाया, उतार, खिडक्या व चौक यांत करू नये. नक्षी पुढे केव्हाही लावता येते.

समारोप

घर बांधताना आपण भिंतींत पैसे घालतो, पण राहतो भिंतींमधल्या मोकळ्या जागेत. ती जागा उजेडाची, कोरडी, हवेशीर व मर्यादशील असेल, तर घरातील आचार आपोआप सांभाळला जातो, स्त्रियांचे कष्ट हलके होतात, वृद्धांचे शेवटचे दिवस परावलंबी होत नाहीत. आपल्या सभासदांपैकी जे बंधू येत्या काळात घर बांधावयास काढतील, त्यांनी पाया खोदण्यापूर्वी एक सायंकाळ सहकुटुंब बसून या मुद्द्यांवर विचार करावा, एवढीच विनंती. त्यांच्या नूतन वास्तूत अहिंसा, आरोग्य व सौमनस्य सदैव नांदो. जय जिनेंद्र.